एवढंच पाणी

“माणूस लाखात एक होता, पण शेवटी-शेवटी ढिला पडला.”

प्रभाकर अंकल आमच्या डोंबिवलीच्या घराच्या पॅसेजमध्ये, चपलांच्या ढिगाशेजारी उभे राहून कुणाला तरी हळू आवाजात सांगत होते. आबांचं दफन करून आम्ही नुकतेच परत आलो होतो. मी चहाचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या पडद्याआड थांबले. समोरच्याने विचारलं, “ढिला म्हणजे?” “पाण्याच्या बाबतीत,” अंकल म्हणाले. “सगळं आयुष्य एका जागी उभा राहिलेला माणूस. आणि मग तिकडे दिवा स्टेशनला, त्या एका दुपारी...” तेवढ्यात माझे पप्पा आले आणि दोघं गप्प झाले. मी बाहेर गेले. अंकलनी ट्रेमधून दोन कप उचलले आणि एक माझ्याच हातात दिला. “तू पण पी गं, सकाळपासून उभी आहेस.” मी चहा घेतला, स्वयंपाकघरात परत आले. मम्मीने माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही.” हे माझं नेहमीचं उत्तर आहे.

आबांना जाऊन आता काही आठवडे झालेत. पाऊस संपता संपता साधा ताप आला आणि त्यातून ते उठलेच नाहीत. वय झालं होतं, त्रास फार झाला नाही, आणि शेवटपर्यंत त्यांना सगळे ओळखू येत होते. त्यामुळे घरात दुःख आहे, पण जड नाही. उलट परवा मम्मी भांडी घासताना एकटीच हसली. विचारलं तर म्हणाली, “आबांचा पंखा आठवला.” तो पंखा पुढे येईलच. आधी आबा कोण होते ते सांगायला हवं, नाहीतर ‘ढिला’ या शब्दाने मला इतके दिवस झोपू का दिलं नाही ते कळणार नाही.

आबा म्हणजे माझ्या वडिलांचे वडील. आठवडाभर अंबरनाथच्या एका कारखान्यात फिटर आणि रविवारी कल्याण पूर्वेतल्या एका लहानशा पेंटेकॉस्टल मंडळीचे पास्टर. निवृत्तीनंतर नुसतेच पास्टर. ही मंडळी भरायची पिठाच्या गिरणीच्या वरच्या हॉलमध्ये. गिरणीवाले शेठ रविवारी आमची उपासना संपेपर्यंत गिरणी बंद ठेवायचे. पण आबांची प्रार्थना लांबली की ते खालून पत्र्याचा डबा दोनदा आपटायचे, म्हणजे बायका दळण घेऊन उभ्या आहेत. आबा डोळे न उघडता आमेन म्हणायचे आणि पायाखालची फरशी थरथरायला लागायची. लहानपणी माझी पक्की समजूत होती की आमेन म्हणजे गिरणी सुरू.

आबांच्या श्रद्धेत एक गोष्ट लोखंडासारखी होती... बाप्तिस्मा. जुन्या मिशनच्या मंडळ्यांमध्ये आणि कॅथलिक लोकांमध्ये तान्ह्या बाळाच्या डोक्यावर थोडं पाणी शिंपडून बाप्तिस्मा देतात. आबांच्या लेखी तो बाप्तिस्माच नव्हे. माणसाने मोठं व्हावं, स्वतः विश्वास ठेवावा, स्वतःच्या तोंडाने तो कबूल करावा आणि मग पाण्यात पूर्ण, अगदी पूर्ण बुडून वर यावं. मगच तो आत आला. बाकीचे भले असतील, रोज प्रार्थना करत असतील, पण बाहेरच. टिटवाळ्याला नदीवर आबा कमरेएवढ्या पाण्यात उभे राहून बाप्तिस्मे द्यायचे. पुढे नदीत जलपर्णी माजली तेव्हा कुणाच्या तरी वाडीतली सिमेंटची टाकी मिळाली. त्या नदीवरची एक गोष्ट मी जन्मायच्या आधीची आहे, पण मी ती इतक्यांदा ऐकली आहे की मी तिथे होते असंच मला वाटतं. एका तरण्याताठ्या मुलाला आबांनी बुडवलं, वर काढलं, काठावरच्यांनी गाणं म्हटलं, मुलगा झाडामागे जाऊन कोरडे कपडे घालून आला, केस विंचरले. आबा अजून पाण्यातच उभे. म्हणाले, “इकडे ये. कोपर राहिलं होतं.” मुलाला वाटलं चेष्टा आहे. आबा चेष्टा करत नव्हते. त्याचं डावं कोपर पाण्याच्या वर राहिल्याचं त्यांनी बघितलं होतं. मुलगा त्याच इस्त्रीच्या शर्ट-पॅंटमध्ये परत पाण्यात उतरला. तो मुलगा म्हणजे प्रभाकर अंकल. मंडळीत त्यांना पाठीमागे अजून ‘कोपर ब्रदर’ म्हणतात. ते त्यांनाही माहीत आहे आणि मला वाटतं, आवडतंही. नव्या माणसाला ते स्वतःच सांगतात, “आपला तर दोनदा झालाय. पास्टर तेव्हा असे होते.”

आणि अशा आबांच्या घरात माझी मम्मी सून म्हणून आली. ती नगरची, मिशनच्या जुन्या मंडळीतली, बाळपणी शिंपडलेली. आबांनी लग्नाला नाही म्हटलं नाही. पण लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांनी तिला बसवून विचारलं, तू बाप्तिस्मा कधी घेणार. मम्मी म्हणाली, “बाबा, माझ्या वडिलांनी मला हातावर घेऊन जे केलं ते खोटं होतं, असं मी पाण्यात उभी राहून कशी सांगू?” आबा म्हणाले, “खोटं नाही, अपुरं.” मम्मी म्हणाली, “मग असू दे अपुरं.” हा संवाद मला दोघांनीही वेगवेगळ्या वेळी सांगितला आणि दोघांच्या सांगण्यात एका शब्दाचाही फरक नव्हता. पप्पा या विषयात कायम पेपर वाचत असायचे.

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. बिनखमिराची भाकर मोडून तिचे तुकडे ताटातून फिरवतात, द्राक्षांचा रस फिरवतात, आणि ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे ते घेतात. आमच्याकडे ज्याचा बुडून झाला आहे तो. मम्मी कायम शेवटच्या रांगेत बसायची. ताट आलं की ती ते दोन्ही हातांनी धरून पुढच्या माणसाकडे द्यायची, एखाद्या लग्नात वाढपी देतो तितक्या सराईतपणे. आता गंमत अशी की ती भाकर मम्मीच करायची. आजी गेल्यापासून ते काम तिच्याकडे आलं होतं. शनिवारी संध्याकाळी कणीक घट्ट मळायची, मंद तव्यावर एक मोठी जाड पोळी भाजायची, स्वच्छ फडक्यात गुंडाळून आबांच्या पिशवीत ठेवायची. आबा आठवडाभर तिच्या हातचं जेवायचे, तिच्या आमटीची पाहुण्यांसमोर तारीफ करायचे, आणि रविवारी तिनेच केलेली भाकर तिला देता येत नाही म्हणून तिच्या रांगेकडे न बघता आशीर्वाद म्हणायचे. मम्मी मात्र शनिवारी नेहमी दोन पोळ्या भाजायची. दुसरी आम्हा दोघींची, गरमागरम, तूप-साखर लावून, ओट्याजवळ उभ्या उभ्या. ती कधी चिडली नाही, निदान माझ्यासमोर तरी. फक्त एकदा म्हणाली, “आपली गरम असते. त्यांना शिळी खावी लागते.”

माझा जन्म नगरचा, मम्मीच्या माहेरचा. तीन महिन्यांनी ती मला घेऊन परत आली आणि उंबऱ्यातच तिने सांगून टाकलं, “बाबा, बाळाला पाणी लावून आणलंय.” लपवणं तिच्या स्वभावात नाही. आबांनी मला हातात घेतलं, आणि पुढच्या रविवारी मंडळीत माझ्या कपाळाला तेल लावून मला देवाला समर्पित केलं. त्यांच्या दृष्टीने माझी पाटी कोरीच होती. मी चौदा-पंधरा वर्षांची झाले तशी, दरवर्षी टाकीवर बाप्तिस्मे ठरले की ते मला विचारायचे, “तुझं काय?” मी म्हणायचे, “बघू.” त्यांनी कधी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पण दरवर्षी पहिल्यांदा विचारलंच.

मला बोलायला कधीच जमलेलं नाही. मी कॅथलिक सिस्टरांच्या इंग्रजी शाळेत शिकले. शाळेत मराठीची लाज आणि मंडळीत इंग्रजीची, त्यामुळे दोन्हीकडे गप्प बसायची सवय लागली. मंडळीत साक्षीची वेळ असते, लोक उभे राहून देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगतात. माझ्याबरोबरीच्या मुली परीक्षेबद्दल, नोकरीबद्दल उभ्या राहायच्या. मी नाही. चौथीत असताना एकदा राखेच्या बुधवारी, म्हणजे कॅथलिकांचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, शाळेत सगळ्या मुली चॅपेलमध्ये रांगेत उभ्या राहिल्या म्हणून मीही राहिले, आणि कपाळावर राखेचा क्रूस घेऊन घरी आले. आबांनी रुमाल ओला केला आणि माझं कपाळ पुसलं. रागावले नाहीत. हळूच म्हणाले, “माणसं चांगली आहेत ती. वाट चुकलीत.” मी मान हलवली. दुसऱ्या दिवशी शाळेत सिस्टर माझ्याकडे बघून हसल्या तेव्हा मला वाटलं, वाट चुकलीय हे यांना कुणीतरी सांगायला हवं.

पुढे आबांना काचबिंदू झाला आणि रोज संध्याकाळी त्यांना शास्त्र, म्हणजे बायबल, वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मला आज जे काही मराठी लिहिता येतं ते तिथून आलं. मी अडखळले की ते पुढचा शब्द आधीच म्हणायचे, सगळं पाठ होतं. मग वाचायचं कशाला, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “पाठ असलं की माणूस आपल्याला हवं तेच ऐकतो. तू वाचलंस की सगळं ऐकावं लागतं.” या वाचनासाठीच ते मला आजाऱ्यांच्या घरीही बरोबर न्यायचे. अशीच मी त्या दुपारी दिव्याला गेले.

दिवा स्टेशनजवळच्या एका चाळीवजा बिल्डिंगमध्ये सुमनमावशी राहायच्या. अर्धांगाने एक बाजू गेलेली, दोनेक वर्षं अंथरुणावर. आबा त्यांच्याकडे प्रार्थनेला जायचे. त्यांना बाप्तिस्मा हवा होता आणि आबा म्हणत, उभ्या राहिलात की घेऊ. त्या उभ्या राहणार नाहीत हे सगळ्यांना कळत होतं. प्रभाकर अंकलनी सुचवलं होतं की प्लास्टिकचा मोठा ड्रम भरून, मावशींना चादरीत घालून चौघांनी खाली सोडायचं. डॉक्टरांनी नकार दिला, पाठीला जखमा होत्या. त्या दिवशी मावशींनी मुलाकडून फोन करवला, आजच या म्हणून. मुलगा दारातच भेटला. त्याचा देवाधर्माशी फारसा संबंध नव्हता. म्हणाला, “पास्टर, आईला पाणी पाहिजे तर देऊन टाका ना. फक्त आमच्याकडे पाण्याचीच बोंब आहे. टँकर आलेलाच नाही परवापासून.” घरात अर्धी बादली पाणी होतं. ते संध्याकाळच्या स्वयंपाकाचं.

आबा खूप वेळ खाटेजवळ बसून राहिले. मला वाटलं ते वाचायला सांगतील, मी पान काढून ठेवलं होतं. त्यांनी सांगितलं नाही. मावशींना विचारलं, “विश्वास आहे ना?” मावशींचं बोलणं तोंडाच्या एकाच बाजूने यायचं, पण कळायचं. म्हणाल्या, “मी कवाची बसलेय विश्वास ठेवून. तुम्हीच येत नव्हता.” त्यांच्या सुनेला हसू आलं. आबाही हसले. मग त्यांनी तांब्या मागितला. सुनेने मावशींचं डोकं उचलून खाली परात धरली, आणि आबांनी पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने तो तांब्या मावशींच्या पांढऱ्या केसांवर ओतला. सावकाश, थेंब सांडू न देता. तांब्यातलं थोडं पाणी उरलं तर तेही ओतलं. मावशी डोळे मिटून पडून राहिल्या आणि मग म्हणाल्या, “गार आहे.” मुलाने ती परात उचलली आणि गॅलरीतल्या तुळशीला ओतली. दिव्यात पाणी फेकून देत नाहीत. मी घाबरून आबांकडे बघितलं. आबा त्या तुळशीकडे बघत होते, पण बोलले एवढंच, “मुळाशी घाल, बाबा. वर नको.”

परत येताना रिक्षा शीळ रस्त्याला लागली तसे आबा माझ्याकडे वळले. मग म्हणाले, “माझ्या बापानं पण एवढंच पाणी घेतलं असंल.”

त्यांच्या वडिलांची गोष्ट मला माहीत होती. मंडळीत सगळ्यांनाच माहीत होती, ती आबांची साक्ष होती. नगर जिल्ह्यातलं गाव, वडील मिशनच्या देवळात घंटा वाजवायचे. आबा नोकरीसाठी अंबरनाथला आले, इथल्या एका पेंटेकॉस्टल सभेत त्यांचं मन बदललं, नदीत बाप्तिस्मा झाला, आणि सुट्टीत गावी जाऊन त्यांनी वडिलांना सांगितलं, तुम्ही माझ्यावर घातलं ते पाणी होतं, बाप्तिस्मा नव्हता. वडिलांनी त्यानंतर त्यांच्याशी बोलणं टाकलं ते मरेपर्यंत. हॉलमध्ये उभं राहून सांगताना ती एका शूर मुलाची गोष्ट असायची, प्रभूसाठी बाप सोडणाऱ्या. रिक्षात त्यांनी तीच सांगितली, पण या वेळी वडिलांच्या बाजूने. तान्ह्या पोराला घेऊन तो माणूस देवळात कसा उभा राहिला असेल, नवं धोतर कुणाकडून आणलं असेल. “तो पण विश्वास ठेवूनच उभा होता ना गं?” त्यांनी मला विचारलं. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. रिक्षावाल्याने आरशातून बघितलं आणि गाणं बंद केलं.

रविवारी उपासनेनंतर प्रभाकर अंकलनी आबांना गाठलं. खाली गिरणी सुरू झाली होती, त्यामुळे दोघांनाही ओरडून बोलावं लागत होतं आणि भांडण होतं त्यापेक्षा मोठं वाटत होतं.

“पास्टर, तुम्हाला माझं कोपर चाललं नाही. कोपर. आणि तिकडे अख्खी बाई कोरडी?”

“डोकं भिजलं होतं.”

“मग उद्या शिंपडलेलं पण चालेल. तान्ह्या बाळांचं पण चालेल.” अंकलनी शेवटच्या रांगेकडे हात केला. मम्मी खुर्च्या एकावर एक ठेवत होती. “मग आमच्या सिस्टरनी काय पाप केलंय? एवढी वर्षं मागे बसवलंत त्यांना.”

तो टोमणा होता. पण आबांनी तो प्रश्न म्हणून घेतला. म्हणाले, “मी पण तोच विचार करतोय रे.” आणि मग, “तुला परत पाण्यात उतरवायला नको होतं, प्रभाकर.” अंकलचा चेहरा एकदम पडला. “असं कसं म्हणता? मी आनंदाने उतरलेलो. मी लोकांना तेच सांगत आलोय ना.” मला तेव्हा पहिल्यांदा त्यांचं वाईट वाटलं. आबा जे हलक्या हाताने सोडत होते, त्यावर अंकलचं अख्खं आयुष्य उभं होतं.

पुढच्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी मम्मी पोळी भाजत होती. आबा भिंतीला हात लावत स्वयंपाकघरात आले. एरवी ते तिथे यायचे नाहीत. म्हणाले, “उद्या तू पुढे बस.” मम्मीने पोळी उलटली. म्हणाली, “पुढे पंखा नाही.” आबा आले तसे भिंत धरत परत गेले. मला वाटलं विषय संपला. सकाळी हॉलमध्ये पोहोचलो तर पहिल्या रांगेशेजारी आबांच्या खोलीतला टेबलफॅन, एक्स्टेंशनची वायर लांबपर्यंत ओढलेली. त्यांनी पप्पांना पहाटे उठवून तो पाठवला होता. मम्मी तरीही मागेच बसली, सवयीने. मग आबा स्वतः ताट घेऊन, खुर्च्यांना हात लावत, मागे आले. डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं, म्हणून त्यांनी विचारलं, “कुठे आहेस?” मम्मी म्हणाली, “इथेच आहे, बाबा.” तिने तुकडा घेतला. घरी आल्यावर पदर खोचता खोचता तिने मला सांगितलं, “मीठ कमी असतं गं पोळीत. इतकी वर्षं कुणी बोललं नाही मला.” आणि मग ती खोलीत जाऊन जरा वेळ दार लावून बसली.

आबांनी त्या दिवशी मंडळीला सांगितलं, बुडूनच घ्यावा असं मला अजून वाटतं आणि मी देईन तो तसाच देईन. पण कोण आत आणि कोण बाहेर हे मी दारात बसून ठरवणार नाही, ते तारणाऱ्याचं काम आहे. दोन-तीन कुटुंबं सोडून गेली. प्रभाकर अंकल गेले नाहीत. दर रविवारी यायचे, आणि आबांना हाताला धरून जिना उतरवायचे. बाप्तिस्म्याविषयी मात्र बोलायचे नाहीत. त्यानंतरची आबांची वर्षं मला सगळ्यात सुखाची वाटली. संध्याकाळी फिरायला गेलो की ते कॅथलिक चर्चच्या फाटकाशी थांबून आतलं गाणं ऐकायचे. “सूर बरा आहे यांचा,” म्हणायचे. एकदा मला म्हणाले, “तुझ्या त्या सिस्टर कुठे असतात आता? मी तुझं कपाळ पुसलेलं त्यांना कळलं नसंल ना?” मी म्हटलं, नाही कळलं. ते म्हणाले, “बरं झालं.”

एकच गोष्ट तशीच राहिली. मम्मीने तुकडा घेतला त्या दिवसानंतर आबांनी मला “तुझं काय?” विचारणं बंद केलं. माझा नगरचा बाप्तिस्मा त्यांनी ग्राह्य धरला, की माझा नाद सोडला, ते मला कळलं नाही. मम्मीचं मम्मीने पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं होतं. माझं मी कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण मलाच माहीत नव्हतं. ताट आलं की मी ते पुढे द्यायचे. आबांना कमी दिसायचं तरी एकदा म्हणाले, “तुला घाई नाही. पण ताट पुढे देताना तुझा हात फार घाई करतो.” मी म्हटलं, “बघू.” ते हसले. एवढंच आमचं या विषयावरचं शेवटचं बोलणं.

आबा गेल्यावर मंडळीला अजून पास्टर नाही. तोवर प्रभाकर अंकल चालवतात. या महिन्यात प्रभुभोजन आलं. शनिवारी पप्पा म्हणाले, “या वेळी पोळी दुसरं कुणी करेल ना?” मम्मी म्हणाली, “का? मी काय आबांसाठी करत होते?” रविवारी आम्ही दोघी शेवटच्या रांगेत. अंकलनी भाकर मोडली, आणि खाली बघत जुनाच नियम वाचल्यासारखा सांगितला, ज्यांनी स्वतः विश्वास ठेवून, पाण्यात पूर्ण बुडून बाप्तिस्मा घेतला आहे त्यांनीच हात पुढे करावा. मग ते ताट घेऊन एकेक रांग करत मागे आले. मम्मीसमोर थांबले. या माणसाने आबांच्या पेटीला पहिला खांदा दिला होता. आवाज अगदी खाली आणून ते म्हणाले, “सिस्टर, मला अडचणीत टाकू नका.” मम्मीचे हात मांडीवर होते. ती हसली, तेच लहानपणापासून माझ्या ओळखीचं हसू, आणि ताट पुढे द्यायला तिने हात उचलले.

अंकल माझ्याकडे वळले. मायेनेच म्हणाले, “आणि बेटा, तुझा तर झालेलाच नाही ना अजून.” तो प्रश्न नव्हता. उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं. पण पुढे दिलं जाणारं ते ताट मी जन्मभर बघत आले होते, आणि आता ते मम्मीच्या हातातून माझ्या हातात येणार होतं. मी उभी राहिले. साक्ष द्यायला लोक उभे राहतात तशी, खुर्चीची पाठ धरून. पुढच्या रांगा वळून बघायला लागल्या. मला वाटलं माझा आवाज खाली गिरणीत ऐकू जाईल. मम्मी नंतर म्हणाली, जेमतेम तिच्यापर्यंत आला.

“झालाय, अंकल,” मी म्हटलं. “तीन महिन्यांची असताना. नगरला.”

अंकलनी ताट मागे घेतलं नाही, पुढेही केलं नाही. खरोखरच जाणून घ्यायचं असल्यासारखं त्यांनी विचारलं, “पास्टरांनी तो धरलेला का?”

“आबांचं मला नाही माहीत, अंकल. पण तो बाप्तिस्मा माझा आहे, आणि मला मान्य आहे.”